औषधाची मात्रा कोण ठरवते?

भीमा नदीच्या दोन तीरांवर वसलेल्या शिरूर आणि दौंड या तालुक्यांचा औषधांशी संबंध आहे, पण तो दोन निराळ्या टोकांनी. दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत सिप्ला, एमक्युअर यांसारख्या कंपन्यांचे कारखाने आहेत आणि तिथे औषध तयार होते. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक हे गाव बहुतेकांना छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे ठाऊक असते, परंतु पुण्याच्या के.ई.एम. हॉस्पिटल रिसर्च सेंटरचे ग्रामीण केंद्रही तिथेच असून, औषध किंवा लस माणसाला किती, केव्हा आणि कोणत्या मार्गाने द्यावी या प्रश्नाचा काही भाग त्या केंद्रात सोडवला गेला आहे. गोळीच्या पाकिटावर ‘५०० मि.ग्रॅ.’ असे छापलेले असते तेव्हा तो आकडा औषधाच्या रेणूतच दडलेला होता आणि शास्त्रज्ञांनी तो केवळ शोधून काढला, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात तो आकडा मर्यादित माणसांवर घेतलेल्या चाचण्यांतून, संभाव्यतेच्या हिशेबाने आणि काही अनिश्चितता मान्य करून घेतलेला निर्णय असतो.

औषधाची मात्रा वाढवत नेली की परिणाम वाढतो, पण तो कायम त्याच वेगाने वाढत नाही. दौंडच्या ऊसपट्ट्यातील शेतकऱ्याला युरियाचा जो अनुभव येतो तोच इथेही येतो: सुरुवातीच्या गोण्यांना पीक भरभरून प्रतिसाद देते, पुढे उत्पादन एका पातळीवर अडते आणि त्यानंतर टाकलेले खत खर्च वाढवते व जमीन बिघडवते. मात्रा आणि परिणाम यांचा आलेख काढला तर तो साधारणपणे इंग्रजी एस अक्षरासारखा दिसतो. दुष्परिणामांचाही असाच एक आलेख असतो, मात्र तो बहुधा उजवीकडे सरकलेला, म्हणजे अधिक मात्रेवर वर चढणारा असतो. या दोन आलेखांमधील मोकळ्या पट्ट्यात औषधाची योग्य मात्रा असते. हा पट्टा काही औषधांत ऐसपैस असतो, तर हृदयविकारातील डिगॉक्सिन किंवा रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन यांसारख्या औषधांत इतका अरुंद असतो की थोडी वाढही जिवावर बेतू शकते. दोन्ही आलेख आधी कोणालाच ठाऊक नसतात, ते माणसांवरील निरीक्षणांतूनच रेखाटावे लागतात, आणि ते रेखाटताना कमीत कमी माणसांना धोका पोचावा ही अट असते. त्यामुळे हा प्रश्न वैद्यकाइतकाच संख्याशास्त्राचाही आहे.

कर्करोगाच्या औषधांसाठी अनेक दशके वापरात असलेली सर्वांत सोपी रीत ‘तीन अधिक तीन’ या नावाने ओळखली जाते. प्रथम अत्यल्प मात्रा तीन रुग्णांना दिली जाते. कोणालाही गंभीर दुष्परिणाम झाला नाही तर पुढील तिघांना वरची मात्रा मिळते. एकाला झाला तर त्याच मात्रेवर आणखी तिघे घेतले जातात आणि सहांत एकच त्रास राहिला तरच पुढे जातात. दोघांना किंवा अधिकांना झाला तर चढण थांबते आणि त्याखालची मात्रा ‘सहन होणारी कमाल मात्रा’ ठरते. रीत समजायला सोपी आहे, रुग्णाच्या खाटेजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरला ती गणकयंत्राशिवाय पाळता येते, आणि तिच्या दीर्घायुष्याचे मुख्य कारण हेच आहे. तिच्या अचूकतेचा हिशेब मात्र फारसा दिलासा देणारा नाही. एखादी मात्रा खरोखर दहांपैकी तिघांना गंभीर त्रास देणारी आहे असे धरले, तर पहिल्या तिघांपैकी कोणालाच त्रास न होण्याची शक्यता ०.७ गुणिले ०.७ गुणिले ०.७, म्हणजे सुमारे ३४ टक्के येते. एकाला त्रास होऊन पुढचे तिघे सुखरूप राहण्याची शक्यता आणखी १५ टक्के. याचा अर्थ असा की, दहांतल्या तिघांना इजा करणारी मात्रासुद्धा जवळजवळ निम्म्या वेळा ‘पुढे जा’ असाच कौल देते. उलट, दहांतल्या एकालाच त्रास देणारी, म्हणजे बऱ्यापैकी सुरक्षित मात्रा साधारण दहांतून एकदा निव्वळ योगायोगाने अडवली जाते.

या रीतीचा मूळ दोष असा की ती फक्त चालू पायरीवरील तीन-सहा रुग्णांकडे पाहते आणि आधीच्या पायऱ्यांवरून आलेली माहिती विसरते. १९९० मध्ये जॉन ओक्विग्ली, मार्गारेट पेपे आणि लॉइड फिशर यांनी मांडलेल्या ‘कंटिन्युअल रिअसेसमेंट’ अर्थात सतत फेरमूल्यांकनाच्या पद्धतीत हा दोष दूर करण्याचा प्रयत्न आहे. तिच्यात आधी मात्रा आणि दुष्परिणाम यांच्यातील नात्याचा एक गणिती अंदाज मांडला जातो, प्रत्येक रुग्णाचा अनुभव हाती आला की अठराव्या शतकातील थॉमस बेज यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार तो अंदाज सुधारला जातो, आणि पुढील रुग्णाला त्या क्षणी सर्वांत योग्य वाटणारी मात्रा दिली जाते. म्हणजे दहाव्या रुग्णाची मात्रा ठरवताना आधीच्या नऊही रुग्णांचा अनुभव हिशेबात असतो. संख्याशास्त्रज्ञांनी वारंवार केलेल्या संगणकीय तुलनांत ही पद्धत जुन्या रीतीपेक्षा सरस ठरली असूनही रुग्णालयांतून तिचा प्रसार संथच राहिला, कारण तिच्यासाठी चाचणीच्या पहिल्या दिवसापासून संख्याशास्त्रज्ञ सोबत असावा लागतो.

आणखी एक मूलभूत आक्षेप अलीकडच्या काळात पुढे आला. जितकी मात्रा अधिक तितका गुण अधिक, हे गृहीत पेशी सरसकट मारणाऱ्या जुन्या केमोथेरपीला कदाचित लागू असेल, पण नेमक्या एखाद्या प्रथिनाला अडवणाऱ्या किंवा रोगप्रतिकारशक्तीला जागे करणाऱ्या नव्या औषधांना ते लागू होईलच असे नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये ‘प्रोजेक्ट ऑप्टिमस’ हा उपक्रम सुरू करून, सहन होणारी कमाल मात्रा शोधून न थांबता एकाहून अधिक मात्रांची आपसांत तुलना करावी, असा आग्रह धरला. त्याच वर्षी फुफ्फुसाच्या कर्करोगावरील सोटोरासिब या औषधाला रोज ९६० मिलिग्रॅमची परवानगी देताना, २४० मिलिग्रॅमशी त्याची तुलना करून दाखवण्याची अटही घातली गेली.

लसींचे गणित यापेक्षा वेगळे आहे आणि शिरूर तालुका इथेच या कथेत येतो. डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने १९७० च्या दशकात वढूला के.ई.एम.चे ग्रामीण आरोग्यकार्य सुरू झाले. २००२ पासून शिरूर व हवेली तालुक्यांतील २२ गावांत तिथून लोकसंख्येची कायमची नोंद ठेवली जाते. घरोघरी जाऊन जन्म, मृत्यू, लग्ने, येणारे-जाणारे यांची नियमित टिपणी होते आणि एक लाखाहून अधिक लोकसंख्या तिच्यात येते. हे काम वरकरणी रूक्ष वाटते, तरी लसीच्या चाचणीत त्याचे मोल फार आहे. किती बालके आजारी पडली हे रुग्णालयाच्या नोंदवहीतून कळते, पण ती कितीतून पडली हा भागाकाराचा खालचा आकडा गावाच्या नोंदीवाचून मिळत नाही.

रोटाव्हायरस हा विषाणू लहान मुलांत तीव्र जुलाब व उलट्या घडवतो. दिल्लीत १९८० च्या दशकात नवजात बालकांमध्ये आढळलेल्या ११६-ई या वाणावरून पुढे भारत बायोटेक कंपनीची ‘रोटाव्हॅक’ ही तोंडावाटे द्यायची लस तयार झाली. अशा जिवंत विषाणूच्या लसीची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजत नाहीत; पेशींना संसर्ग करू शकतील असे किती विषाणू-एकक एका डोसात आहेत हे मोजतात. दिल्लीतील आधीच्या टप्प्यात ३६९ बालकांवर दहा हजार आणि एक लाख अशा दोन मात्रा तपासल्या गेल्या, आणि त्याही क्रम ठरवून: आधी खालची मात्रा, तिची सुरक्षितता पाहून मगच वरची. तीन डोसांनंतर रक्तातील विशिष्ट प्रतिपिंड चौपट किंवा अधिक वाढलेली बालके खालच्या मात्रेत दहांत सुमारे सहा, तर वरच्या मात्रेत दहांत सुमारे नऊ होती आणि त्रासाचे प्रमाण मात्र लक्षणीय वाढले नव्हते. वरची मात्रा निवडली गेली ती या कारणाने. तरीही प्रतिपिंड वाढणे म्हणजे आजार टळणे नव्हे. पहिली गोष्ट दुसरीची खूण मानली जाते इतकेच.

ती खूण खरी आहे का हे पाहणारी तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०११ मध्ये दिल्ली, पुणे आणि वेल्लोर अशा तीन ठिकाणी सुरू झाली आणि त्यातील पुण्याचे केंद्र म्हणजे वढूचेच केंद्र होते. एकूण ६,७९९ बालकांना सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या सुमारास लस किंवा प्लासिबो, म्हणजे लसीसारखाच दिसणारा पण विषाणू नसलेला द्रव, देण्यात आला. कोणाला काय मिळणार हे डॉक्टर, पालक किंवा गावची आशा कार्यकर्ती यांच्यापैकी कोणीही ठरवले नाही. ते यादृच्छिक क्रमाने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरले, आणि ते या साऱ्यांपासून लपवूनही ठेवले गेले. अशा वाटपाची कल्पना मुळात इंग्लंडमधील शेतीप्रयोगांतून आली आणि भारतात ती रुजवणाऱ्या ‘स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर अॅग्रिकल्चरल वर्कर्स’ या ग्रंथाचे लेखक वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे हे दोघेही मराठी होते, ही नोंद इथे अस्थानी ठरू नये. लस मिळालेल्या गटात ४,५३२ आणि प्लासिबो गटात २,२६७ बालके होती. दोन्ही गट समान ठेवले असते तर परिणामकारकतेचा हिशेब किंचित अधिक नेमका झाला असता, परंतु लस अधिक बालकांना मिळावी आणि तिच्या सुरक्षिततेची माहितीही अधिक जमावी यासाठी दोनास एक हे प्रमाण ठेवले गेले.

निकालाचे आकडे जवळून पाहण्यासारखे आहेत. लसीच्या गटात ४,७५२ बालक-वर्षांत तीव्र रोटाव्हायरस जुलाबाच्या ७१ घटना घडल्या, तर प्लासिबो गटात २,३६० बालक-वर्षांत ७६. बालक-वर्ष म्हणजे एका बालकावर एक वर्ष ठेवलेली देखरेख. काही बालके आधीच गाव सोडून जातात, काही उशिरा दाखल होतात, म्हणून डोकी न मोजता देखरेखीचा काळ मोजतात. दर हजार बालक-वर्षांमागे एका गटात सुमारे १५ आणि दुसऱ्यात सुमारे ३२ घटना झाल्या. पहिल्या दराला दुसऱ्याने भागून आलेला ०.४६४ हा आकडा १ मधून वजा केला की ५३.६ टक्के ही लसीची परिणामकारकता मिळते. पण चाचणीच्या शोधनिबंधात हा आकडा एकटा छापलेला नाही, त्याच्यासोबत ३५.० ते ६६.९ हे ९५ टक्के विश्वास-अंतरालही दिलेले आहे. अशाच चाचण्या पुनःपुन्हा केल्या आणि दर वेळी याच रीतीने अंतराल काढले, तर शंभरांतली साधारण ९५ अंतराले खऱ्या परिणामकारकतेला आपल्या पोटात घेतील, असा त्याचा अर्थ. वर्तमानपत्रांतून केवळ मधला आकडा छापण्याची जी प्रथा पडली आहे ती सोयीची असली तरी दिशाभूल करणारी आहे, कारण लस एकतृतीयांशाहून किंचित अधिक आजार टाळते की दोनतृतीयांश, हे दोन्ही दावे त्याच माहितीशी सुसंगत आहेत; ती अजिबात काम करत नाही हा दावा मात्र सुसंगत नाही.

सुरक्षिततेचा प्रश्न याहून अवघड होता. अमेरिकेत १९९८ मध्ये आलेली रोटाशील्ड ही पहिली रोटाव्हायरस लस १९९९ मध्येच मागे घ्यावी लागली होती, कारण तिच्यामुळे अंदाजे दहा हजार बालकांमागे एकाला इंटससेप्शन, म्हणजे आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरून अडकण्याचा गंभीर विकार, होत असल्याचे लक्षात आले. भारतातील चाचणीत असे विकार लसीच्या गटात सहा आणि प्लासिबो गटात दोन आढळले. सहा विरुद्ध दोन हे ऐकून दचकणाऱ्याने गटांचे प्रमाण दोनास एक होते हे विसरू नये: लस निर्दोष असती तरी आठ घटनांपैकी पाच-सहा तिच्याच गटात अपेक्षित होत्या. म्हणजे धोका वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. परंतु पुरावा न मिळणे आणि धोका नसल्याचे सिद्ध होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत आणि इथे संख्याशास्त्रातील ‘तीनचा नियम’ उपयोगी पडतो. एखादी घटना क्ष माणसांत एकदाही घडली नाही, तर तिचा खरा दर ९५ टक्के खात्रीने तीन भागिले क्ष याहून कमी असतो. साडेचार हजार बालकांत एकही घटना घडली नसती तरी फार तर दीड हजारांत एकापेक्षा धोका कमी आहे, एवढेच म्हणता आले असते. दहा हजारांत एक हा धोका नाकारण्यासाठी तीस हजार बालके घटनेवाचून पार पडावी लागतात. परदेशी कंपन्यांनी रोटारिक्स आणि रोटाटेक या लसींच्या चाचण्या प्रत्येकी साठ हजारांहून अधिक बालकांवर घेतल्या त्या याच हिशेबाने.

भारतात ही उणीव लस सरकारी लसीकरणात आल्यावर भरून काढण्यात आली. २०१६ पासून काही राज्यांत रोटाव्हॅक सुरू झाल्यानंतर देशातील २७ रुग्णालयांत इंटससेप्शनच्या रुग्णांची नोंद ठेवली गेली आणि तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात वापरलेली युक्ती देखणी आहे. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांची तुलना केली तर त्यांच्या घरांतील गरिबी, आहार, दवाखान्याचे अंतर हे सगळे फरक आड येतात. म्हणून विकार झालेल्या प्रत्येक बालकाची तुलना त्याच्याशीच करण्यात आली. डोसानंतरचे एकवीस दिवस आणि त्याच बालकाच्या आयुष्यातील इतर दिवस, यांपैकी विकार कोणत्या दिवसांत अधिक घडला, असा प्रश्न विचारला गेला. या अभ्यासात लसीमुळे धोका वाढल्याचे आढळले नाही. मोठ्या चाचणीची ही पर्यायी सोय स्वस्त आहे, पण तिच्यासाठी लसीकरण कार्डावर डोसाची तारीख अचूक लिहिलेली असावी लागते, आणि ती तारीख अखेर उपकेंद्रातील परिचारिकेच्या पेनातूनच उमटते.

मात्रेइतकाच ती देण्याचा मार्गही महत्त्वाचा असतो. सुईने देण्यात येणारी गोवराची लस वाफाऱ्यासारखी श्वासातून देता आली तर प्रशिक्षित हात नसलेल्या ठिकाणीही लसीकरण करता येईल, या विचाराने जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रकल्पात के.ई.एम.च्या पुढाकाराने पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात नऊ ते बारा महिन्यांच्या २,००४ बालकांवर चाचणी झाली. येथे प्रश्न नवी पद्धत सरस आहे का हा नव्हता, ती फार निकृष्ट तर नाही ना हा होता. अशा चाचणीत किती घट चालेल ही मर्यादा आधीच जाहीर करावी लागते. इथे ती पाच टक्के-बिंदू ठरली होती. तीन महिन्यांनंतर श्वासावाटे लस घेतलेल्यांपैकी ८५.४ टक्के, तर टोचून घेतलेल्यांपैकी ९४.७ टक्के बालकांच्या रक्तात गोवराविरुद्धची पुरेशी प्रतिपिंडे आढळली. फरकाचे विश्वास-अंतराल ६.४ ते १२.२ टक्के-बिंदूंचे आले. त्याचे सौम्य टोकही पाचच्या पलीकडे असल्याने पद्धत नापास झाली. दरम्यान गोठवून ठेवलेले नमुने वितळल्यामुळे ३३१ बालकांची माहिती गमावली होती, तेव्हा ती गाळून आणि तिचा शास्त्रीय अंदाज भरून, असा दोन्ही प्रकारे हिशेब केला गेला आणि निष्कर्ष तोच आला. मर्यादा आधी जाहीर नसती तर ‘८५ टक्केही काही वाईट नाही’ असा युक्तिवाद सहज करता आला असता. म्हणून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा नकारात्मक निकाल यशस्वी निकालाइतकाच मोलाचा मानला पाहिजे.

मात्रा कमी करण्याचे संशोधन कंपन्यांना फायद्याचे नसते, त्यामुळे ते बहुधा सार्वजनिक संस्थांच्याच वाट्याला येते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने तोंड व घशाच्या बरा न होण्याजोग्या कर्करोगात निवोलुमॅब हे महागडे औषध दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम देऊन पाहिले. प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असते, म्हणजे हा जेमतेम अठरावा हिस्सा झाला. २०२३ मध्ये छापून आलेल्या निकालानुसार कमी खर्चाच्या गोळ्यांवरील रुग्णांपैकी एक वर्षानंतर १६.३ टक्के हयात होते, तर त्याच गोळ्यांना या अल्प मात्रेची जोड मिळालेल्यांपैकी ४३.४ टक्के. ही मात्रा लागू पडली यात शंका नाही. मात्र ही तुलना निवोलुमॅबची अल्प मात्रा आणि ते अजिबात न देणे यांच्यातील होती; अल्प मात्रा पूर्ण मात्रेइतकीच गुणकारी आहे असा निष्कर्ष तिच्यातून निघत नाही. पूर्ण मात्रा बहुसंख्य रुग्णांना परवडतच नाही अशा देशात पहिला प्रश्न अधिक निकडीचा होता आणि तो आधी विचारला गेला हे योग्यच झाले.

या सगळ्या हिशेबांतील प्रत्येक अंकामागे संमतिपत्रावर सही किंवा अंगठा करणारे एखादे कुटुंब असते. भारतात नव्या औषधांच्या चाचण्यांना २०१९ च्या नियमांनुसार नीतिमत्ता समितीची मंजुरी आवश्यक आहे, चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाईची तरतूद आहे, आणि पहिला सहभागी दाखल होण्याआधी ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या सार्वजनिक नोंदवहीत चाचणीची नोंद २००९ पासून बंधनकारक आहे. शिरूर-दौंडमधील कोणाही पालकापुढे असे संमतिपत्र आले तर त्यांनी तो नोंदणी क्रमांक मागून घ्यावा. मुलाला दिली जाणारी मात्रा याआधी किती जणांना दिली गेली, त्यांपैकी किती जणांना त्रास झाला आणि चाचणी कोणत्या टप्प्यावर थांबवली जाणार आहे, हे विचारावे. उत्तर मराठीत आणि समजेल अशा शब्दांत मिळेपर्यंत सही करू नये, आणि सही केल्यानंतरही कोणतेही कारण न देता केव्हाही चाचणीतून बाहेर पडण्याचा हक्क कायम राहतो.